एकाच भांड्यातला पास्ता दरवेळी बिघडतोय? आधी पाणी मोजा, शेगडीकडे शेवटी वळा

ऑफिसातून साडेसातला घरी यायचं, साडेआठला पानं मांडायची आणि भांडीही आपणच घासायची, अशा घरांसाठी एकाच भांड्यातला पास्ता फार सोयीचा आहे. वेगळं पाणी उकळा, पास्ता गाळा, दुसऱ्या कढईत सॉस करा, ही यातायात त्यात नाही. भाच्यांना, सोसायटीतल्या नोकरदार मुलींना, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांना मी तो शिकवत आलेय आणि त्यांचा बिघडलेला पास्ता ताळ्यावरही आणत आलेय. "मावशी, परत लगदा झाला गं," असा फोन आला की मी ज्या क्रमाने प्रश्न विचारते, त्याच क्रमाने इथे लिहितेय. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही. बहुतेकांचं काम तिथेच होतं.

आधी लक्षण ओळखा

- वरून मऊ, पण चावल्यावर मधे कच्ची कणी लागते.
- पास्ता शिजलाय, पण दोन-तीन नळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठे झालेत.
- वर पाणी तसंच आहे आणि खाली बुडाला लागलंय.
- सगळाच गिच्च लगदा झालाय, आकारही ओळखू येत नाही.
- सॉस फुटलाय, दाणेदार दिसतोय.
- खारट झालाय, आणि मीठ तर नेहमीइतकंच घातलं होतं.
- दरवेळी भांड्याच्या एकाच जागी करपतं, बाकीचं बूड स्वच्छ असतं.

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं ते लक्षात ठेवा. शेवटचं लक्षण असेल तर दोष बहुधा स्वयंपाकात नसतो, भांड्यात किंवा शेगडीत असतो. तरी थेट तिथे उडी मारू नका.

या पद्धतीत काहीच गाळून टाकलं जात नाही. ओतलेलं पाणी, घातलेलं मीठ, पास्त्याने सोडलेला स्टार्च, सगळं ताटात येतं. पाण्याचं माप थोडं चुकलं तरी चालून जातं ते वेगळ्या पातेल्यात उकळताना, कारण जास्तीचं पाणी गाळणीतून जातं. इथे ती सोय नाही, म्हणून पहिली तपासणी पाण्याचीच.

१. पाणी मोजलंय का, की अंदाजाने ओतलंय?

२५० ग्रॅम पास्त्याला, म्हणजे तिघांच्या जेवणाला, पाऊण लिटर पाणी. हे माप पेने (तिरक्या कापलेल्या नळ्या) किंवा फुसिली (पिळाचा पास्ता), रुंद भांडं आणि अर्धवट झाकण यांसाठी आहे. सोबत दोन-तीन मध्यम टोमॅटो चिरून असतील असं धरलंय.

हे माप कुठून आलं ते समजलं की तुम्ही स्वतः बदल करू शकाल. सुका पास्ता शिजताना साधारण स्वतःच्या वजनाइतकं किंवा थोडं जास्त पाणी पितो, म्हणजे २५० ग्रॅमला तीनशे-साडेतीनशे मिलिलिटर. दहा-बारा मिनिटांच्या उकळीत जवळपास तेवढंच वाफ होऊन जातं. उरतं त्याचा सॉस होतो. भांडं अरुंद आणि उंच असेल किंवा झाकण पूर्ण लावलं असेल तर वाफ कमी जाते, मग पाणी वर तरंगत राहतं आणि ते आटेपर्यंत पास्त्याचा लगदा होतो. उलट पसरट कढईत मोठ्या आचेवर झाकण न ठेवता केलंत तर पाणी आधी संपतं आणि मधली कणी तशीच राहते. दोन विरुद्ध तक्रारी, पण मूळ एकच.

भाज्यांचं पाणीही यातच धरा. मशरूम, झुकिनी, पालक भरपूर पाणी सोडतात, तेव्हा अर्धी वाटी पाणी कमी घ्या. गाजर, फरसबी, मक्याचे दाणे यांना ही सूट नाही.

२. पास्ता आधणात टाकलात की गार पाण्यात?

गार पाण्यापासून सुरुवात करणाऱ्या कृती पुष्कळ दिसतात, आणि सतत ढवळत उभं राहिलात तर त्या जमतातही. पण कामाच्या दिवशी आपण ढवळत उभं राहत नाही. एकीकडे डबे घासतो, एकीकडे मुलांची वही बघतो. पास्त्यावरचा स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या पुढे फुगायला लागतो आणि चिकट होतो. पाणी हळूहळू तापतं तेव्हा पास्ता त्या चिकट अवस्थेत बराच वेळ तळाशी नुसता पडून राहतो. तिथेच गठ्ठे जमतात.

आपल्याकडे वरणफळं करताना हे शहाणपण आधीपासून आहे. वरणाला खळखळून उकळी आली की मगच फळं सोडायची, एकेक करून, आणि सोडल्याबरोबर डावाने हलवायची. पास्त्यालाही तेच लागू आहे. कांदा-लसूण परतत असताना शेजारच्या बर्नरवर किंवा किटलीत पाणी उकळत ठेवा. टोमॅटो मऊ झाले की उकळतं पाणी ओता, मीठ घाला, परत उकळी फुटू द्या आणि मग पास्ता टाका. वेळही वाचतो.

३. पहिली दोन मिनिटं ढवळलंत का?

चिकटण्याचा धोका सगळ्यात जास्त या दोन मिनिटांत असतो. बाहेरचा थर चिकट झालेला असतो आणि वरचा स्टार्च अजून पाण्यात उतरलेला नसतो. झाऱ्याने बुडापासून सतत हलवा. नंतर दोन-दोन मिनिटांनी एक फेरी पुरते. पाण्यात चमचाभर तेल टाकून चिकटणं थांबत नाही, ते वर तरंगतं. इथे ते वाया जात नाही, सॉसमध्ये उतरतं, एवढंच.

स्पॅगेटी घेतली असेल तर ती पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे. भांडं लहान असेल तर सरळ मोडून टाका. घरच्या जेवणासाठी करताय, कुणाची परवानगी लागत नाही.

४. पाकिटावरची वेळ आणि पाकिटावरचं बारीक अक्षर

पाकिटावर लिहिलेली मिनिटं भरपूर उकळत्या पाण्यात शिजवण्यासाठी असतात. एकाच भांड्यात पाणी कमी आणि दाट असतं, त्यामुळे एक-दोन मिनिटं जास्त लागतात. घड्याळावर विसंबू नका, नळी कापून बघा. वेळ संपायला दोन मिनिटं असताना एक पेने बाहेर काढा आणि सुरीने आडवी कापा. कापलेल्या कडेच्या मधोमध खडूसारखी पांढरी रेघ दिसेल. ती ठळक असेल तर अजून तीन-चार मिनिटं. धाग्याइतकी उरली असेल तर एक मिनिट. दिसेनाशी होण्याच्या बेतात असतानाच गॅस बंद. पुढची दोन-तीन मिनिटं झाकण ठेवून द्या. उरलेलं काम आतली उष्णता करते आणि सॉसही दाटतो. रेघ पूर्ण जाईपर्यंत आचेवर ठेवलात, तर ताटात येईपर्यंत तो जास्तच शिजलेला असतो.

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी राहत असाल तर आणखी मिनिट-दोन मिनिटं धरा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे; तिथे पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. मुंबईतली वेळ तिथे पुरत नाही.

आता बारीक अक्षर. घटकांमध्ये ड्युरम गव्हाचा रवा लिहिलाय की मैदा, ते वाचा. ड्युरम हा कठीण गहू. आपल्याकडचा बन्सी त्याच जातीचा. त्यात प्रथिनं जास्त असतात आणि ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी स्टार्चला धरून ठेवते. मैद्याचा किंवा सुटा मिळणारा स्वस्त पास्ता पाण्यात पटकन सैल पडतो, पाणी दुधाळ होतं आणि वर सांगितलेलं सगळं बरोबर करूनही लगदा होतो. इटलीत सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा हवा असा १९६७ सालापासून कायदा आहे, आणि त्यामागचं कारण स्वयंपाकघरात उभं राहिलं की लगेच कळतं. नाचणीचा, ज्वारीचा किंवा डाळींचा पास्ता मुलांसाठी आणत असाल तर जरूर आणा, पण तो वेगळ्या पाण्यात उकळून गाळा. त्यात गव्हाचं ग्लुटेन कमी किंवा अजिबात नसतं, एकाच भांड्यात तो तुटतो. इथे हट्ट करून उपयोग नाही.

५. मीठ, टोमॅटो, दूध, चीज यांचा क्रम

मिठाचं आधी. वेगळ्या पाण्यात उकळताना लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ घालतात, कारण बहुतेक मीठ पाण्याबरोबर ओतून दिलं जातं. तीच सवय इथे ठेवलीत की पास्ता खारट होणारच. २५० ग्रॅमला सपाट एक चहाचा चमचा पुरे. चीज आणि ऑलिव्ह दोन्ही खारट असतात, म्हणून शेवटी चव बघून मगच आणखी घाला.

टोमॅटोची विकतची दाट प्युरी सुरुवातीलाच ओतू नका. दाट रसात पास्त्याला प्यायला मोकळं पाणी मिळत नाही, उकळीने रस नीट फिरत नाही, आणि तळाचा थर जागच्या जागी तापून करपतो. "वर पाणी, खाली करपलं" या तक्रारीत मी सगळ्यात आधी प्युरीबद्दलच विचारते. चिरलेले ताजे टोमॅटो सुरुवातीला चालतात. प्युरी वापरायची तर पास्ता अर्धा शिजल्यावर, तीही थोड्या गरम पाण्यात सैल करून.

दूध किंवा साय घालून गुलाबी सॉस करायचा असेल तर गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग घाला. टोमॅटोचा आंबटपणा आणि उकळी एकत्र आले की दुधातली प्रथिनं गोळा होतात, त्यालाच आपण दूध फुटणं म्हणतो. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त असतो म्हणून ते दुधापेक्षा टिकतं. फ्रिजमधून काढलेलं गारढोण घालू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एकदा फुटलेला सॉस परत एकजीव होत नाही. दूध ताजं असेल तर खायला हरकत नाही, दिसायला मात्र तसाच राहतो.

चीजही आच बंद झाल्यावरच. क्यूब किंवा स्लाइसमधल्या प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव वितळावं म्हणून खास क्षार घातलेले असतात, त्यामुळे किसून घातलं की ते सॉसमध्ये मुरतं. मोझरेला ताणतो आणि दाट सॉसमध्ये त्याचा गोळा होतो, तो वरून पेरण्यासाठी ठेवा. पनीर वितळतच नाही, ते भाजीसारखं धरा.

६. भांडं

इथवर सगळं बरोबर असून बुडाला लागतच असेल, तर भांडं पालथं करून बघा. पातळ स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ज्योत जिथे लागते तिथेच उष्णता साठते, बाजूला पसरत नाही. जाड बुडाचं, रुंद, झाकण बसणारं भांडं हवं: ट्रायप्लाय (तीन थरांचं) स्टील, हार्ड अॅनोडाइज्ड (कडक काळपट थराचं अॅल्युमिनियम) किंवा चांगल्या स्थितीतलं नॉनस्टिक. नवीन घेण्याआधी घरातली जाड बुडाची बिर्याणीची हंडी काढून बघा. लोखंडी कढईत टोमॅटोचा सॉस काळपट होतो आणि लोखंडाची चव येते, म्हणून ती इथे नको. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात लोखंडी तव्यावर टोमॅटोच्या पाण्यात कच्ची स्पॅगेटी शिजवून ती मुद्दाम करपवतात आणि कुरकुरीत झाली की आवडीने खातात. पण तो त्यांचा वेगळा प्रकार आहे, लक्ष देऊन करायचा.

दोष भांड्याचा की शेगडीचा, हे ठरवायला पाण्याची चाचणी करा. भांड्यात बोटभर पाणी घेऊन मध्यम आचेवर ठेवा आणि पहिले बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा. सगळीकडून किंवा ज्योतीच्या गोलाकारात आले तर ठीक. एकाच बाजूने आले तर ती जागा कुठल्या कानाजवळ आहे ते लक्षात ठेवा आणि पकडीने भांडं अर्धं फिरवा. बुडबुड्यांची जागा भांड्याबरोबर फिरली तर बूड वाकलंय किंवा झिजलंय. जागा शेगडीवर होती तिथेच राहिली तर दोष बर्नरचा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नवं भांडं उगाच घेण्याचा खर्च वाचतो. इंडक्शनवर मात्र आतली कॉइल लहान असल्यामुळे मोठ्या भांड्याचा मधला भागच जास्त तापतो. तिथे आच कमी आणि ढवळणं जास्त, हाच उपाय.

कुकरमध्ये करू का?

हा प्रश्न नेहमी येतो. मी करू नका असंच सांगते. कुकर उघडल्याशिवाय नळी कापून बघता येत नाही, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत पास्ता आत शिजतच राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टार्चचा फेस वर चढून शिटीच्या नळीत अडकू शकतो. घाईत शिटी उचलून वाफ सोडायला गेलात तर तोच फेस गरमागरम बाहेर उडतो. एवढं करून वाचतात जेमतेम पाच मिनिटं.

७. बर्नर

बर्नरवर संशय आला तर तो पूर्ण गार होऊ द्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, पाइपचा गॅस असेल तर त्याचा व्हॉल्व. वरची पितळी टोपी उचला. कडेच्या भोकांत दूध, वरण, पास्त्याचं पाणी उतू जाऊन सुकलेलं असतं. अर्धी भोकं बुजली की ज्योत एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला नावापुरती राहते. टोपी गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, सुईने एकेक भोक मोकळं करा, धुवा आणि पूर्ण सुकवा. ओली टोपी बसवली तर ज्योत फडफडते. बसवताना ती खाचेत सपाट बसली पाहिजे, तिरकी राहिली तरी एकाच बाजूला करपतं.

मग पेटवून ज्योत बघा. निळी, स्थिर, सगळीकडे सारखी उंच असेल तर त्याच भांड्यात पुन्हा पाण्याची चाचणी करा. पिवळी असेल तर गॅस नीट जळत नाहीये. भांड्यांची बुडं काळी होणं हीसुद्धा त्याचीच खूण. सिलिंडर संपत आला असेल तरी ज्योत पिवळट होते, तेव्हा आधी तो तपासा.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

टोपी स्वच्छ आहे, सिलिंडर भरलेला आहे आणि तरी ज्योत पिवळी आहे, बर्नरपासून सुटून वर उडते किंवा घोंघावते, तर आतलं जेट (गॅस सोडणारं बारीक भोक) किंवा हवेचं मिश्रण बिघडलंय. जेटमध्ये सुई-तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं तरी गॅस जास्त येतो. नॉब घट्ट झाला, तापतोय किंवा बंद करूनही ज्योत रेंगाळते, रबरी पाइपला चिरा दिसतात, तर त्या रात्री ती शेगडी वापरू नका. गॅस एजन्सीचा किंवा शेगडीच्या कंपनीचा माणूस बोलवा. इंडक्शनची काच तडकली असेल किंवा लावल्याबरोबर घरातला एमसीबी (मीटरजवळचा विजेचा सुरक्षा-स्विच) पडत असेल, तर प्लग काढून ठेवा आणि दुरुस्तीला द्या. काचेच्या तड्यातून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो.

गॅसचा वास आला तर स्वयंपाक, पास्ता, सगळं सोडून द्या. नॉब आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, त्या ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊनच फोन करा. सिलिंडरच्या गॅससाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक देशभर चालतो. पाइपच्या गॅसचा क्रमांक तुमच्या बिलावर छापलेला असतो, तो आजच फ्रिजच्या दारावर लिहून लावा.

आजचा पास्ता बिघडलाच असेल तर

कणी राहिलीय आणि पाणी संपलंय: अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, गार नको, झाकून मंद आचेवर दोन मिनिटं.

पाणी जास्त आहे: झाकण काढा, आच मोठी करा, ढवळत दोन मिनिटं आटवा. थोडं पातळ असतानाच थांबा, ताटात तो दाटतो.

बुडाला लागलंय: खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, करपलेला थर तळालाच राहू द्या. डाव तळाला लागला की करपट वास सगळ्यात उतरतो.

लगदा झालाय: तो परत सुटा होत नाही. ताटलीत थापून वर चीज आणि मिरपूड घालून ओव्हनमध्ये किंवा झाकण ठेवून तव्यावर खालून खरपूस होऊ द्या. मुलं हे आवडीने खातात.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि मे महिन्यात त्याहून लवकर. शिजवल्यावरही टिकणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू भातात आणि पास्त्यात बाहेरच्या उष्म्यात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जातंच असं नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला पास्ता सकाळी डब्यात देऊ नका.

शेगडीवाला आलाच तर तो जाण्याआधी त्याच्यासमोर दोन्ही बर्नर सिमवर आणि मोठ्या आचेवर पेटवा, पास्त्याचं भांडं पाण्यासकट ठेवून बुडबुडे सगळीकडून येतात का ते बघा, मगच पैसे द्या.